उभ्या गाडीचे अपघात

आमच्या अपघात विभागाच्या नोंदवहीत 'वाहन अपघात' असा एक रकाना आहे. त्यात टक्कर, घसरण, धडक अशा नोंदी होतात. बॉनेट उघडताना भाजलेला हात, बॅटरीतल्या ॲसिडनं लाल झालेला डोळा, नळीनं पेट्रोल ओढताना लागलेला ठसका यांची नोंद मात्र 'भाजणे', 'नेत्ररोग', 'विषबाधा' अशा वेगवेगळ्या रकान्यांत होते. त्यामुळे बंद पडलेली किंवा जागच्या जागी गुरगुरणारी गाडी किती माणसं आमच्याकडे पाठवते, याची एकत्रित कल्पना कोणालाच येत नाही. गेल्या पावसाळ्यात एका तरुण जोडप्याचा एका आठवड्याचा अनुभव ऐकला आणि या सगळ्या नोंदी एकाच माळेत ओवल्यासारख्या झाल्या. त्यांच्या संमतीनं, ओळख कळणार नाही अशा बेतानं तो इथं सांगतो.

तो एका कंपनीत हिशेबाचं काम करतो, ती बारावीला रसायनशास्त्र शिकवते. ती पाच महिन्यांची गरोदर. 'बाळ येण्याआधी चारचाकी हवी' म्हणून त्यांनी जुनी पेट्रोल गाडी घेतली, तिला जेमतेम महिना झाला होता.

सोमवारी सकाळी गाडी चालू होईना. बॅटरी उतरली होती. शेजाऱ्यांची गाडी आणून वायरी जोडल्या, शेवटचा चिमटा बॅटरीच्या खुंट्यावर टेकवताना ठिणगी उडाली आणि फट् असा आवाज झाला. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत तो चार टक्के असला तरी ठिणगीनं पेटू शकतो. म्हणून काळ्या वायरीचा शेवटचा चिमटा बॅटरीला न लावता, तिच्यापासून लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला लावायचा असतो. झाकणाचा कपचा उडाला आणि ॲसिडचे थेंब त्याच्या डाव्या डोळ्यात गेले. पुढे जे झालं ते मी आमच्या विद्यार्थ्यांना सांगतो. तिनं त्याला सोसायटीच्या नळाखाली वाकवलं, पापण्या बोटांनी उघड्या धरल्या आणि मोबाइलवर घड्याळ लावून वीस मिनिटं पाणी सोडलं. "दवाखान्यात चला" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना ती म्हणाली, "आधी पाणी, मग दवाखाना." गंधकाम्ल बुबुळाचं नुकसान करायला काही मिनिटंच घेतं. दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा अर्धा तास डोळा तसाच ठेवला तर पुढे आमच्या हातात फारसं काही उरत नाही. नेत्रतज्ज्ञांनी तपासलं तेव्हा डोळा फक्त लाल होता.

बुधवारी पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. त्यानं गाडी कडेला घेतली, पाच-दहा मिनिटं थांबला आणि ओल्या फडक्यानं रेडिएटरचं झाकण फिरवलं.

इथं जरा थांबतो, कारण हा प्रकार दर उन्हाळ्यात आणि दर घाटात होतो. रेडिएटर म्हणजे बिनशिट्टीचा प्रेशर कुकर समजा. आतल्या पाण्यावर दाब असल्यामुळे ते शंभर अंशांना उकळत नाही. बऱ्याच गाड्यांत एकशेवीस अंशांच्या आसपासही ते पाणीच राहतं. झाकण सैल झालं की दाब एका क्षणात जातो आणि इतकं तापलेलं पाणी एकदम वाफ होऊन उसळतं. चेहरा, मान, छाती आणि उजवा हात या ठरलेल्या जागा. घरात कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकण न काढणारी माणसं रस्त्यावर ही गोष्ट का विसरतात, मला कळलेलं नाही. इंजिन बंद करून निदान अर्धा तास, शक्यतो त्याहून जास्त थांबावं. वरच्या रबरी नळीजवळ हात नेला तरी धग लागत असेल तर अजून थांबावं.

त्याचं नशीब इतकंच की तो बाजूला उभा होता. मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग भाजला. ढाब्यावरच्या मंडळींनी प्रेमानं टूथपेस्ट फासली. टूथपेस्ट, हळद, शाई, बटाट्याचा कीस यातलं काहीही भाजल्या जागी लावू नये. बर्फही नको, त्यानं आधीच दुखावलेली कातडी आणखी मरते. साधं वाहतं पाणी वीस मिनिटं, हातातली अंगठी-घड्याळ सूज यायच्या आत काढणं, वर स्वच्छ कोरडं कापड सैलसर गुंडाळणं, एवढंच. टूथपेस्ट काढताना परिचारिकेला आणि त्याला जो त्रास झाला, तो टाळता आला असता.

घाटातल्या मेकॅनिकनं फुटकी नळी बदलली, कूलंट भरलं आणि उरलेलं एका पाण्याच्या बाटलीत ओतून दिलं. ती बाटली डिकीत गेली. तिच्याकडे नंतर येतो.

शुक्रवारी एका गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं आणि त्यानंतर ती फटफटीसारखी वाजू लागली. 'सोमवारी दाखवू' असं ठरलं, कारण शनिवारी शिरवळला तिच्या माहेरी जायचं होतं. आजीच्या वेळचा लाकडी पाळणा आणायचा होता. पाळण्याचे पाय डिकीत मावेनात, म्हणून झाकण अर्धवट उघडं ठेवून सुतळीनं बांधलं. परतताना पाऊस होता, शनिवारची गर्दी होती, घाटात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. काचा बंद, एसी चालू.

तासाभरात तिला मळमळू लागलं. गाडी लागली असेल, किंवा दिवसच तसले आहेत, असं दोघांना वाटलं. मग त्याचं डोकं ठणकायला लागलं. दुपारी नीट जेवण झालं नव्हतं, पित्त झालं असणार. सातारा जवळ येईतो तिला उलटी झाली आणि त्याला समोरचे दिवे दोन-दोन दिसू लागले. तेव्हा मात्र त्यानं गाडी थांबवली आणि १०८ ला फोन केला. एवढं भान त्याला राहिलं म्हणून हा लेख या सुरात लिहिता येतो आहे.

आमच्याकडे आले तेव्हा तिची नाडी जलद, बाकी सगळं ठाकठीक. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ टक्के. गरोदरपणातली उलटी म्हणून सलाईन लावून सकाळी घरी पाठवावं असं ते चित्र होतं. आमच्या रात्रपाळीच्या सिस्टरनं मात्र सहज विचारलं, "तुमचंपण डोकं दुखतंय? गाडी कोण चालवत होतं?" चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही. एकाच बंद जागेत बसलेल्या दोघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर, आणि बाहेरच्या हवेत आल्यावर थोडा उतार, हे ऐकलं की डॉक्टरच्या मनात पहिलं नाव कार्बन मोनॉक्साइडचं यायला हवं.

या वायूला रंग नाही, वास नाही. इंधन अर्धवट जळलं की तो तयार होतो. गतिरोधकावर घासून सायलेन्सरच्या पाइपचा जोड सुटला होता, त्यामुळे धूर शुद्ध होण्याआधीच गाडीच्या पोटाखाली पसरत होता. उघड्या डिकीनं पुढचं काम केलं. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, तिथं धूर घोळतो आणि डिकी उघडी असेल तर आत खेचला जातो. काचा बंद असल्यानं तो आतच साठत राहिला. 'एसी लावून गाडीत झोपल्यानं मृत्यू' अशा बातम्या आपण वाचतो. त्यात एसीचा दोष नसतो. दोष उभ्या गाडीच्या चालू इंजिनाचा आणि आत येणाऱ्या धुराचा असतो.

आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून जास्त घट्ट पकडून ठेवतं. त्या जागी मग ऑक्सिजन बसू शकत नाही. आणि गंमत अशी, की नेहमीच्या ऑक्सिमीटरला या दोघांतला फरक ओळखता येत नाही. रक्त गुदमरत असतं आणि यंत्र ९८ दाखवत असतं. करोनाच्या काळात घरोघरी हे यंत्र आलं आणि त्यावरचा आकडा म्हणजे शेवटचा शब्द अशी समजूतही आली. या एका आजारात ती घातक आहे. कातडी लालबुंद होते असं पुस्तकात लिहिलेलं असतं, पण जिवंत रुग्णात ते क्वचितच दिसतं.

खरी काळजी पोटातल्या बाळाची होती. हा वायू वारेतून बाळाकडे जातो. बाळाच्या रक्तात तो उशिरा चढतो, आईपेक्षा वर जाऊ शकतो आणि उतरतोही सावकाश. म्हणजे आई उठून बसली, हसून बोलू लागली, तरी बाळ अजून त्या घाटातच असतं. साध्या हवेत रक्तातला निम्मा वायू जायला चार ते पाच तास लागतात. घट्ट मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. नेमकं प्रमाण मोजायला रक्ताची वेगळी तपासणी लागते आणि ती सगळीकडे रात्री-बेरात्री होत नाही. संशय पक्का असेल तर अहवालाची वाट न पाहता ऑक्सिजन सुरू करायचा असतो. आम्ही दोघांनाही मास्क लावले. त्याचा मध्यरात्रीनंतर काढला. "मला आता बरं वाटतंय, माझाही काढा" असं ती पहाटे म्हणाली, तेव्हा सिस्टरनं तिला बाळाचे ठोके ऐकवले आणि म्हणाली, "हे बरं वाटतंय म्हणेपर्यंत थांबू या, ताई." तिचा मास्क दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होता. पुढच्या दोन सोनोग्राफींत बाळाची वाढ व्यवस्थित दिसली. आता आठवा महिना चालू आहे.

गाडीचा आवाज अचानक वाढला, आत धुराचा वास आला किंवा मागचं रबर फाटलं, तर ती आधी गॅरेजात न्यावी. डिकी उघडी ठेवून लांबचा प्रवास करू नये. सामान टेम्पोनं आणावं. बंद गॅरेजात गाडी 'जरा गरम' करत ठेवू नये.

राहिली ती बाटली. कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. रंग सरबतासारखा हिरवा किंवा गुलाबी, चव गोड. सुरुवातीला माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो, पण तोंडाला वास नसतो. मग यकृत त्याचं रूपांतर आम्लांत करतं, श्वास वेगानं चालू लागतो आणि ऑक्झलेटचे स्फटिक मूत्रपिंडात अडकून एक-दोन दिवसांत लघवी बंद पडू शकते. याचंच भाऊबंद असलेलं डायएथिलीन ग्लायकॉल १९८६ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयातल्या रुग्णांना दिलेल्या भेसळयुक्त ग्लिसरीनमध्ये निघालं होतं. १४ जणांचे प्राण गेले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. लहान मुलाला तर दोन-चार घोटही पुरतात. हे विष मारण्यासाठी औषध आहे, डायलिसिस आहे, पण दोन्ही लवकर सुरू झाले तरच उपयोगी.

म्हणून कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरीचं पाणी यातलं काहीही पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरू नये. मूळ डबाच घ्यावा, नाहीतर उरलेलं गॅरेजातच सोडावं. नाल्यात ओतू नये, कुत्री-मांजरं ते चाटतात. कोणी चुकून प्यायलंच तर उलटी करवू नये, मीठपाणी पाजू नये, 'दिसतंय तर बरं' म्हणून वाट पाहू नये. रुग्णासोबत ती बाटलीही घेऊन यावी आणि किती वाजता, किती प्यायलं ते येताना कागदावर लिहून आणावं.