बाराव्या वर्षानंतरची शाळा : वर्धा जिल्हा आणि मुलींचे शिक्षण

मुलीचे नाव शाळेच्या पटावर घालणे आणि तिला शाळेत टिकवून ठेवणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत. विकसनशील देशांचा गेल्या काही दशकांचा शैक्षणिक इतिहास पाहिला, तर पहिले काम बऱ्याच अंशी पार पडले असून दुसरे मात्र अर्धवट राहिले आहे, असे दिसते. युनेस्कोच्या अलीकडच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १२ कोटी मुली शाळेबाहेर आहेत आणि त्यांतील मोठा हिस्सा माध्यमिक शिक्षणाच्या वयातील मुलींचा आहे. प्राथमिक शाळा संपण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण बाराव्या ते चौदाव्या वर्षी, मुलीच्या आयुष्यात असे काय घडते की तिची शाळा सुटते, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. तो समजून घेण्यासाठी वर्धा जिल्ह्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल, कारण साऱ्या देशासाठी मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा आराखडा याच जिल्ह्यात तयार झाला.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तिने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. डिसेंबर महिन्यात या समितीने सादर केलेला आराखडा ‘वर्धा योजना’ किंवा ‘नई तालीम’ या नावाने ओळखला जातो. सूतकताई, शेती यांसारखा एखादा उत्पादक हस्तोद्योग केंद्रस्थानी ठेवून त्याच्या आधाराने गणित, भाषा, विज्ञान आणि समाजशास्त्र मातृभाषेतून शिकवावे, हे या पद्धतीचे सूत्र होते. सात ते चौदा वर्षे वयाच्या सर्व मुलामुलींना मोफत आणि सक्तीचे शिक्षण मिळावे, अशी समितीची शिफारस होती, आणि मुलींच्या साक्षरतेचे प्रमाण अत्यल्प असलेल्या त्या काळात मुलामुलींचा एका दमात केलेला हा उल्लेख मोठाच म्हणावा लागेल.

मात्र याच आराखड्यात मुलींसाठी एक सवलतही होती. पालकांची इच्छा असल्यास मुलीला वयाची बारा वर्षे पूर्ण झाल्यावर शाळेतून काढून घेता येईल, असे त्यात म्हटले होते. शिवाय सहाव्या आणि सातव्या इयत्तेत मुलींना मूळ हस्तोद्योगाऐवजी गृहविज्ञानाचा अधिक अभ्यास निवडण्याची मुभा होती. ही सवलत समाजाचा विरोध कमी व्हावा अशा व्यवहारी विचाराने दिली असणे शक्य आहे. परंतु तिच्यामुळे मुलाचे शिक्षण हा त्याचा हक्क आणि मुलीचे शिक्षण मात्र पालकांच्या मर्जीचा विषय, हा भेद योजनेतच शिरला. कोणी कोणती कामे करावीत, कोणी किती शिकावे आणि कोणी निर्णय घ्यावेत यांविषयी समाजाने स्त्री आणि पुरुष यांना नेमून दिलेल्या भूमिकांना ‘लिंगभाव’ म्हणतात, आणि या भूमिकांमुळे कोणाचीही संधी हिरावली जाऊ नये, या तत्त्वाला ‘लिंगभाव समानता’ म्हणतात. बाराव्या वर्षाची सवलत या तत्त्वाच्या विरोधात जाणारी होती.

प्रत्यक्षात वर्धा परिसरातील कार्य या कागदावरच्या सवलतीपेक्षा पुष्कळ पुढे गेले. सेवाग्राममध्ये आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम् यांच्या मार्गदर्शनाखाली चाललेल्या नई तालीमच्या शाळेत मुले आणि मुली एकत्र शिकत, आणि स्वयंपाक, सफाई, कताई, शेती ही कामे दोघांच्याही वाट्याला येत. जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने वर्ध्यात उभ्या राहिलेल्या महिलाश्रमाने स्त्रियांच्या शिक्षणाला निवासाची जोड दिली. विनोबा भावे यांनी १९५९ मध्ये पवनार येथे स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात आश्रमाचा सारा कारभार स्त्रियांनी सामूहिक विचाराने चालवावा, ही रीत घातली गेली; आणि डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सेवाग्राम येथे ग्रामीण भागातील वैद्यकीय महाविद्यालय सुरू करून स्त्रीच्या नेतृत्वाचा आणखी एक दाखला घालून दिला.

संस्थांचे हे वैभव आसपासच्या प्रत्येक घरापर्यंत पोहोचले नाही, हेही तितकेच खरे. पुढे अनाथांची माय म्हणून महाराष्ट्राने ज्यांना वंदन केले, त्या सिंधुताई सपकाळ यांचा जन्म याच जिल्ह्यातील पिंपरी मेघे येथील. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली आणि बालवयातच त्यांचे लग्न लावून देण्यात आले. त्यांच्या असामान्य कर्तृत्वाचा अभिमान बाळगताना, अशा किती मुलींची बुद्धी चौथी-पाचवीतच अडवली गेली असेल, याचाही विचार व्हायला हवा.

आज परिस्थिती निश्चितच पालटली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात साक्षरतेचे प्रमाण ८७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्याच्या ८२ टक्के सरासरीपेक्षा अधिक होते. तरीही दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या ९४६ इतकीच होती. साक्षरता वाढली म्हणून समानता आपोआप येत नाही, हे या दोन आकड्यांतून स्पष्ट होते.

शाळा मध्येच सुटण्याला शिक्षणशास्त्रात ‘गळती’ म्हणतात, आणि मुलींच्या गळतीची कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. गावातील जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवीपर्यंत असते आणि माध्यमिक शाळा मोठ्या गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी असते; त्यामुळे जे अंतर मुलासाठी केवळ गैरसोयीचे असते, ते मुलीच्या बाबतीत सुरक्षिततेच्या चिंतेमुळे शाळा बंद करण्याचे कारण ठरते. याच वयात मासिक पाळी सुरू होते, आणि शाळेत पाणी आणि स्वच्छ स्वतंत्र स्वच्छतागृह नसेल तर गैरहजेरी वाढून अभ्यास मागे पडतो. कापूस आणि सोयाबीनच्या या प्रदेशात निंदण आणि कापसाची वेचणी ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात, आणि हंगामात आई शेतावर गेली की स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी थोरल्या मुलीवर येते. शेवटचे कारण लग्नाचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी झाले होते.

या कारणांवर उपाय नाहीत असे नाही. महाराष्ट्राने १९८५-८६ पासून बारावीपर्यंत मुलींची फी माफ केली, पुढे एसटीचा मोफत पास दिला आणि मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी बसगाड्या आणि सायकली पुरवल्या. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या प्रवेशात झालेली वाढ शाळेपासून दूर असलेल्या गावांत अधिक होती, असे अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात आढळले. बांगलादेशाने १९९४ मध्ये ग्रामीण भागातील माध्यमिक शाळांतील मुलींसाठी देशभर शिष्यवृत्ती सुरू केली आणि तिला नियमित हजेरी, किमान गुण आणि अविवाहित असणे या अटी जोडल्या. वर्धा योजनेने पालकांना मुलीला शाळेतून काढण्याची मुभा दिली होती, तर बांगलादेशाने मुलीला शाळेत ठेवणाऱ्या पालकांना आधार दिला. माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीने आणण्यात त्या देशाला मिळालेल्या यशात या धोरणाचा वाटा मोठा आहे.

भारतात २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात पालकांच्या मर्जीची सवलत उरलेली नाही, पण त्याची वयोमर्यादा सहा ते चौदा वर्षे आहे. म्हणजे वर्धा योजनेने १९३७ मध्ये आखलेली चौदा वर्षांची वरची सीमा आजही तशीच आहे, आणि मुलीला कायद्याच्या आधाराची सर्वाधिक गरज असते तेव्हाच तो आधार संपतो. ही मर्यादा अठरा वर्षांपर्यंत वाढवणे हे शासनाचे काम आहे. परंतु तोपर्यंत गावाला थांबून राहण्याचे कारण नाही. याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. या समितीने आणि ग्रामसभेने दरवर्षी जून महिन्यात एवढे जरी विचारले, की गेल्या वर्षी गावच्या शाळेतून शेवटची इयत्ता उत्तीर्ण झालेली प्रत्येक मुलगी आज कोणत्या शाळेत आहे, आणि जी नाही तिची अडचण बसची आहे, घरकामाची आहे की ठरवलेल्या लग्नाची, तर गळती रोखण्याचे निम्मे काम गावातच होईल. घरातील कामाची मुलगा आणि मुलगी यांच्यात समान वाटणी करणे हे उरलेले निम्मे काम आहे, आणि त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.