सोनारानं कान टोचावेत. पण जिभेचं काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'सोनारानंच कान टोचावेत' अशी आपल्याकडे म्हण आहे. कानउघाडणी करायची तर ती अधिकारी माणसानं करावी, हा तिचा रूढ अर्थ. पण तिचा सरळ अर्थही तितकाच खरा आहे. टोचणं हे जाणत्या हाताचं काम आहे, आणि कुठं टोचायचं हे ठरलेलं आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, सोळाव्या अध्यायात, कान टोचण्याचा विधी दिला आहे. मूल सहा-सात महिन्यांचं झालं की कानाची पाळी उन्हात धरावी आणि जिथून उजेड आरपार दिसतो तिथं टोचावं, असं तो ग्रंथ सांगतो. उजेड दिसतो तिथं रक्तवाहिनी आड येत नाही, इतका साधा हिशेब त्यामागं आहे.

आमच्या भाटघरच्या परिसरात हिंदू असो की मुसलमान, मुलीचे कान-नाक टोचणं हा घरातला कौतुकाचा प्रसंग असतो. भोरहून पुणं काही फार लांब नाही. शिकायला, नोकरीला गेलेली मुलं-मुली आता सुट्टीत घरी येतात ती कधी ओठाखाली चमकणारा खडा घेऊन, तर कधी जिभेत धातूची गोळी घेऊन. ओळखीतल्या अशाच एका मुलीनं मला विचारलं, "चाचा, नाक टोचलं की सगळे कौतुक करतात आणि ओठ टोचला की बोंब मारतात. हा कुठला न्याय?"

मित्रहो, प्रश्न रास्त आहे. 'काळ बदलला, पोरं बिघडली' हे त्याचं उत्तर नव्हे. खरं उत्तर तोंडाच्या रचनेत आहे.

कानातली कुडी किंवा नाकातली चमकी जिथं असते तिथं स्वस्थ बसते. तिच्या शेजारी दात नाहीत. तोंडात मात्र स्वस्थ असं काहीच नसतं. आपण बोलतो, चावतो, गिळतो, जांभई देतो. झोपेतही जीभ हलत असते. जिभेला हाड नसतं, असं आपण म्हणतो. त्या बिनहाडाच्या जिभेत आपण धातूची सळई बसवतो आणि तिच्या दोन्ही टोकांना गोळ्या लावतो. मग दिवसातून हजारदा ती गोळी दातांवर आणि हिरडीवर आपटते. शिवाय नवा दागिना तोंडात असला की त्याच्याशी खेळायची सवय लागते. कुणी तो दातांत धरतं, कुणी पुढच्या दातांमागं घासत बसतं. ध्यानीमनी नसताना हे चालू राहतं.

त्यानं काय होतं, ते आमच्या धरणाच्या काठावर उभं राहिलं की कळतं. लाट छोटीच असते, पण ती रोज काठाला लागते. हळूहळू माती सुटते आणि झाडाची मुळं उघडी पडतात. झाड त्या दिवशी पडत नाही, पण त्याचा आधार गेलेला असतो. हिरडीचं तसंच आहे. जिभेतल्या सळईनं खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूची हिरडी खाली सरकते. ओठाखालच्या खड्याला आतून चपटी चकती असते. ती त्याच दातांच्या बाहेरच्या बाजूची हिरडी झिजवते. इथलं हाड मुळातच पातळ असतं. दाताचं मूळ उघडं पडलं की गार-गरम झोंबू लागतं, कारण मुळावर दाताचं कठीण कवच नसतं. पुढं हाडही झिजलं तर दात हलू लागतो. आणि मुख्य गोष्ट अशी, की झिजलेली हिरडी आपोआप परत वाढत नाही. कापलेलं बोट भरून येतं, तसं इथं होत नाही.

हे केवळ भीती घालणं नाही. २००२ साली अमेरिकेतल्या एका दंतवैद्यकीय नियतकालिकात जीभ टोचून घेतलेल्या ५२ जणांची तपासणी प्रसिद्ध झाली. लांब सळई दोन किंवा अधिक वर्षं वापरणाऱ्यांपैकी निम्म्यांची दातांमागची हिरडी सरकलेली होती. चार किंवा अधिक वर्षं वापरणाऱ्यांपैकी ४७ टक्के लोकांच्या दाढा-उपदाढांचे टवके उडाले होते. म्हणजे नुकसान टोचण्याच्या दिवशी संपत नाही. दागिना जितकी वर्षं तोंडात राहील तितकं ते वाढत जातं.

इथं मला उरुसातले रिफाई फकीर आठवतात. डफाच्या तालावर ते गालातून सळई आरपार घालतात आणि बघणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. मुंबईतल्या तमिळ भाविकांमध्येही मुरुगनच्या उत्सवात गालातून, जिभेतून छोटा भाला घालण्याचा नवस असतो. या प्रथांचं मी समर्थन करत नाही. त्यातही जखम आणि जंतूंचा धोका आहेच. पण ती सळई काही वेळानं काढली जाते. दागिना मात्र राहतो, आणि हिरडी झिजवतो तो त्याचा हा मुक्काम.

टोचण्याच्या वेळचे धोके वेगळे. जिभेत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रक्तस्राव होऊ शकतो. जीभ सुजते, म्हणून सुरुवातीला लांब सळई घालतात आणि सूज उतरल्यावर ती बदलून आखूड घालायची असते. अनेक जण ती बदलतच नाहीत. सुई निर्जंतुक नसेल तर कावीळ 'ब' आणि 'क', एचआयव्ही, धनुर्वात यांची भीती असते. तोंडात जंतूंची वस्ती कायमचीच. ते जखमेतून रक्तात गेले तर हृदयाच्या झडपेचा विकार असलेल्यांच्या जिवावर बेतू शकतं. गोळी सैल होऊन घशात जाण्याचाही धोका असतो.

मी कवी आहे, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. उर्दूत 'ज़बान' म्हणजे जीभ आणि 'ज़बान' म्हणजेच भाषा. आपल्या मराठीतले त, थ, द, ध उच्चारायला जीभ वरच्या दातांना टेकावी लागते. मध्ये गोळी आली की हे वर्ण बोबडे होऊ शकतात.

ज्यांनी टोचून घेतलं आहे त्यांना घरच्यांनी टाकून बोलू नये. त्यानं दागिना निघत नाही, उलट तो लपवला जातो. त्यांना दंतवैद्याकडे न्यावं. दागिना काढला तर झीज पुढं सरकायची थांबू शकते, आणि भोकही बहुधा बुजतं. हिरडी फार सरकली असेल तर टाळूची त्वचा घेऊन ती झाकण्याची शस्त्रक्रिया करता येते, पण ती खर्चाची आणि वेळखाऊ आहे. दागिना ठेवायचाच असेल, तर सळई आखूड असावी, तिच्याशी चाळा करू नये, खाल्ल्यावर चूळ भरावी, आणि कबड्डी-कुस्तीच्या मैदानात उतरताना तो काढून ठेवावा. दर सहा महिन्यांनी हिरड्या तपासून घ्याव्यात. टोचल्यावर ताप आला, सूज गळ्याकडे उतरली किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठावं.

आणि ज्यांचा अजून विचारच चालू आहे, त्यांना एवढंच सांगेन. नटण्याची हौस जरूर करा, ती वयाची शोभा आहे. पण कान आहेत, नाक आहे, गळा आहे, मनगट आहे; दागिन्याला शरीरावर जागा पुष्कळ आहे. हिरडीला मात्र दाताशेजारची ती एकच जागा आहे, आणि ती एकदा सुटली की परत मिळत नाही.