करुणा म्हणजे तडजोड नव्हे!

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील हिस्लॉप कॉलेज आमच्या वाचकांना नवे नाही. परंतु या कॉलेजात १९५३ ते १९५६ या काळात जेम्स लॉसन नावाचा एक काळा अमेरिकन तरुण शिकवत होता, मुलांना खेळाचे धडे देत होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. कोरियाच्या युद्धाच्या काळात सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिला म्हणून अमेरिकेत वर्षाहून अधिक काळ तुरुंगवास भोगून हा तरुण मेथॉडिस्ट मिशनतर्फे नागपुरात आला होता. डिसेंबर १९५५ मध्ये त्याने 'नागपूर टाइम्स'मध्ये एक बातमी वाचली. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी सिटी बसवर बहिष्कार टाकला होता. ती बातमी वाचून हा गडी आनंदाने ओरडला, असे ते स्वतः पुढे सांगत असत. १९५६ साली ते मायदेशी परतले. आणि त्याच वर्षी, त्याच नागपुरात, १४ ऑक्टोबरला परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली.

लॉसन आले होते गांधींचा अभ्यास करायला. हे आम्ही लपवून ठेवणार नाही. तीन वर्षे नागपुरात राहून गेलेल्या या माणसाने पुढे घडविलेल्या विद्यार्थ्यांच्या नियमपत्रकात येशू, गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची नावे आहेत, बाबासाहेबांचे नाव नाही. ज्या शहरात १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली, त्या शहरातून हे नाव अमेरिकेला जाऊ नये, याची हळहळ आम्हाला वाटते. पण नाव गेले नाही म्हणून त्या विद्यार्थ्यांचे काम लहान होत नाही. उलट ते बारकाईने पाहिले तर गांधींच्या हृदयपरिवर्तनापेक्षा आमच्या महाडच्या सत्याग्रहाच्या ते अधिक जवळचे आहे, असे आमचे मत आहे. ते का, हेच आज सांगायचे आहे.

१९५८ साली लॉसन टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात आले. किंग यांनीच त्यांना दक्षिणेत येण्याचा आग्रह केला होता. तेथील एका चर्चच्या तळघरात त्यांनी कॉलेजच्या मुलामुलींचे वर्ग सुरू केले. या वर्गात भाषणे थोडी आणि तालीम जास्त असे. निम्म्या मुलांनी गोरे गुंड व्हायचे, निम्म्यांनी हॉटेलच्या काउंटरवर बसायचे. बसलेल्यांना शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून ओढून खाली पाडायचे. खाली पडलेल्याने डोके कसे झाकायचे, शेजाऱ्याला मार बसत असेल तर मध्ये आपले अंग कसे घालायचे, हेही शिकवले जाई. ज्याला राग आवरत नसे त्याला काउंटरवर पाठवायचे नाही. त्याने दुसरे काम करायचे. कामे पुष्कळ होती.

आम्ही चळवळीतले लोक मोर्चाची तयारी म्हणजे झेंडे, बॅनर, ट्रक आणि वक्त्यांची यादी समजतो. मार खाण्याची तालीम कधी घेतली आहे काय? असो.

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानाच्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. या दुकानात काळ्या माणसाला वही, पेन्सिल, साबण विकत मिळे. पैसे चालत. पण काउंटरवर बसून कॉफी मागितली तर मिळत नसे. आमच्या गावच्या हॉटेलातील वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातले काही समजावून सांगायला नको. पंधरवड्याच्या आत नॅशव्हिलची तयार मुले रस्त्यावर उतरली. २७ फेब्रुवारीला त्यांच्यावर हल्ला झाला. जळत्या सिगारेटी अंगावर विझवल्या गेल्या, खुर्च्यांवरून ओढून बदडले गेले. पोलिसांनी अटक कुणाला केली? मार खाणाऱ्या ८१ विद्यार्थ्यांना. मारणारा एकही आत गेला नाही. फिर्यादी गेला तर त्यालाच आधी बसवून ठेवायचे, हा प्रकार केवळ आमच्याकडचा नाही तर!

या मुलांचे वकीलपत्र झेड. अलेक्झांडर लुबी या ज्येष्ठ काळ्या वकिलाने घेतले. लुबी युक्तिवाद करू लागले तेव्हा न्यायाधीश महाशय खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. वकिली करणाऱ्या आमच्यासारख्याला हा प्रसंग वाचताना काठ्यांपेक्षा जास्त लागतो. मुलांना प्रत्येकी ५० डॉलर दंड झाला. त्यांनी दंड भरला नाही, तुरुंग पत्करला. १९ एप्रिलच्या पहाटे लुबींच्या घरावर डायनामाइट फेकण्यात आले. स्फोट एवढा मोठा होता की समोरच्या मेडिकल कॉलेजच्या शंभरावर खिडक्यांच्या काचा फुटल्या. लुबी आणि त्यांच्या पत्नी सुदैवाने वाचले.

त्या दिवशी शहर पेटायला हवे होते, नाही का? काही हजार माणसे जमली आणि मूकपणे चालत नगरपालिकेवर गेली. पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट उभे होते. डायन नॅश नावाची बावीसेक वर्षांची विद्यार्थिनी पुढे झाली. तिने महापौरांना ते कोणत्या पक्षाचे, निवडणूक कधी, असले काही विचारले नाही. माणसाच्या कातडीचा रंग पाहून भेदभाव करणे चूक आहे असे तुम्हाला स्वतःला वाटते काय, एवढेच विचारले. महापौरांना सर्वांसमक्ष होय म्हणावे लागले. १० मे रोजी नॅशव्हिलची काउंटरे काळ्या माणसांसाठी उघडली.

आता कोणी म्हणेल, पाहा, हृदयपरिवर्तन झाले! आम्हाला तसे वाटत नाही. त्या आधी कित्येक आठवडे काळ्या कुटुंबांनी शहरातील मोठ्या दुकानांवर बहिष्कार टाकला होता. ईस्टरच्या खरेदीचा हंगाम कोरडा गेला होता. व्यापाऱ्यांचे हृदय गल्ल्यापाशी असते. मग त्या करुणेचे काम काय? तिने विद्यार्थ्यांना फुटू दिले नाही, हे तिचे काम. समोरचा माणूस विषारी व्यवस्थेत वाढला आहे, लढा त्या विषाशी आहे, हे मनात पक्के असल्यामुळे त्यांना चिथावता आले नाही. एक प्रसंग सांगितला जातो. एका गोऱ्या गुंडाने लॉसन यांच्या तोंडावर थुंकले. लॉसन यांनी त्यालाच शांतपणे रुमाल मागितला. गोंधळलेल्या गड्याने तो दिला. तोंड पुसून रुमाल परत करीत लॉसन यांनी विचारले, तुझ्याकडे मोटारसायकल आहे का? मग दोघे मोटारसायकलीवर बोलत राहिले आणि तेवढ्यात मार खाणारा एक विद्यार्थी उठून सुखरूप निघून गेला.

मे १९५६ मध्ये बीबीसीवरील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी बौद्ध धम्म आपल्याला का आवडतो हे सांगताना प्रज्ञा, करुणा आणि समता ही तीन तत्त्वे एकत्र सांगितली. एकत्र, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. आम्हाला उपदेश करणारे पुष्कळ लोक त्यातले मधले तेवढे उचलतात आणि आमच्या गळ्यात बांधतात.

एप्रिल १९६० मध्ये रॅले येथील शॉ विद्यापीठात निरनिराळ्या शहरांतील विद्यार्थी जमले आणि त्यातून स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी उभी राहिली. तिच्या आद्याक्षरांवरून लोक तिला 'स्निक' म्हणत. तिचे उद्देशपत्र लॉसन यांनीच लिहिले. ही बैठक घडवून आणणाऱ्या एला बेकर या पन्नाशी उलटलेल्या कार्यकर्तीने मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे हा लढा हॅमबर्गर खाण्यापुरता नाही. दुसरी, मोठ्या पुढाऱ्यांच्या संघटनेची शाखा होऊ नका, आपले निर्णय आपण घ्या. पहिली गोष्ट ऐकताना डिसेंबर १९२७ चे महाड आठवल्याशिवाय राहत नाही. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याने आम्ही अमर होणार नाही, समतेसाठी आम्ही तेथे जात आहोत, असेच बाबासाहेबांनी सांगितले होते. दुसरी गोष्ट आमच्या गटागटांच्या पुढाऱ्यांना ऐकवण्याजोगी आहे. त्यांनी विद्यार्थी आघाड्यांना सतरंज्या उचलण्यापलीकडे काय काम दिले?

महाडशी नाते आणखी एका बाबतीत आहे. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला होता. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला होता. हक्क कागदावर होता, पाण्यावर नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तो कागद तळ्यावर नेला. अमेरिकेत डिसेंबर १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने बॉयंटन खटल्यात निकाल दिला की, आंतरराज्य बसच्या स्थानकांवरील उपाहारगृहांत वंशभेद करता येणार नाही. दक्षिणेत तो कोणी मानला नाही. म्हणून मे १९६१ मध्ये काळे-गोरे प्रवासी मिळून बसमधून निघाले. यांना 'फ्रीडम रायडर्स' म्हणतात. अलाबामात अ‍ॅनिस्टन येथे बस जाळली, प्रवाशांना झोडपले. आयोजकांनी प्रवास थांबविला तेव्हा नॅशव्हिलच्या मुलांनी तो पुढे नेला. निघण्यापूर्वी काहींनी मृत्युपत्रे लिहिली. डायन नॅशजवळ बंद पाकिटे दिली, आम्ही मेलो तर टपालात टाक म्हणून. त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून केंद्रीय आयोगाचा आदेश लागू झाला आणि स्थानकांवरच्या 'फक्त गोऱ्यांसाठी'च्या पाट्या उतरू लागल्या.

महाडलाही हल्ला झाला होता. हजारो माणसे उलटून तुटून पडायला तयार होती आणि बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पण पुढे हल्लेखोरांवर खटले झाले, काहींना सजा झाली. तळ्याचा दिवाणी दावा तर दहा वर्षे लढला गेला आणि मार्च १९३७ मध्ये हायकोर्टात जिंकला. हात आवरले, दावा सोडला नाही.

येथे आमचा 'स्निक'च्या तरुणांशी थोडा मतभेद आहे. ९ मे १९६१ रोजी साउथ कॅरोलायनातील रॉक हिल बसस्थानकावर गोऱ्यांच्या टोळक्याने जॉन लुईस या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला रक्तबंबाळ केले. पोलिसांनी विचारले, फिर्याद द्यायची आहे काय? लुईस नाही म्हणाले. आमचे भांडण या माणसांशी नाही, व्यवस्थेशी आहे, ही त्यांची भूमिका. आम्ही त्यांच्यापुढे नतमस्तक आहोत, पण वकील म्हणून त्यांना फिर्याद द्या असेच सांगितले असते.

कारण आम्ही रोज काय पाहतो? अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा कायद्याने तडजोडीचा नाही. पण पंचनाम्याची शाई वाळण्याआधी गावातली मंडळी फिर्यादीच्या दारात बसतात. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या कोर्टात आमच्याकडे एक प्रकरण होते. सामाईक विहिरीवरून मारहाण झालेली. फिर्यादी साठीची विधवा बाई. आरोपीचे नातेवाईक, सोबत गावचे एक प्रतिष्ठित गृहस्थ, कोर्टाच्या आवारातच तिला म्हणाले, "मावशी, तुम्ही तर बुद्धाची माणसं. तुमच्या धर्मात करुणा आहे. पोराचं आयुष्य कशाला बरबाद करता?" तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही काही बोललो नाही, आणि त्याची आम्हाला अजून लाज वाटते. तीच म्हणाली, "पोराचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. त्यानं साहेबापुढं उभं राहून सांगावं, मी मारलं म्हणून. मग बघू." पोराने ते सांगितले नाही. तिने साक्ष दिली.

जॉन लुईस यांना जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षांनी ते ऐकायला मिळाले. त्यांना मारणाऱ्यांपैकी एक, एल्विन विल्सन, २००९ साली पुढे आला, आपण मारले हे जाहीरपणे कबूल केले आणि वॉशिंग्टनला जाऊन लुईस यांची क्षमा मागितली. लुईस तेव्हा अमेरिकन संसदेचे सदस्य होते. त्यांनी क्षमा केली. वंशभेदाच्या पाट्या उतरून तोवर कित्येक वर्षे झाली होती, कायदे झाले होते, मतदानाचा हक्क मिळाला होता. कबुली आधी आली, क्षमा नंतर. विहिरीवरच्या त्या मावशीलाही हाच क्रम ठाऊक होता.

'स्निक'ची ही करुणा कायम टिकली असे मात्र नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन तरुणांचे खून झाले. ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या पुलावर पोलिसांनी लुईस यांची कवटी फोडली. किती सोसायचे यालाही मर्यादा असते. १९६६ साली अध्यक्षपदी लुईस यांच्या जागी स्टोकली कारमायकेल आले, 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा झाली आणि काही वर्षांत संघटना संपली. खैरलांजीनंतर २००६ मध्ये आमचे तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा त्यांना दुरून शहाणपण शिकवणारे पुष्कळ होते. 'स्निक'मधील त्या तरुणांनाही दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही.

शिवाय आमच्यावर त्यांचे एक ऋण आहे. अलाबामातील लाउंड्स काउंटीत बहुसंख्य वस्ती काळ्यांची, पण १९६५ च्या सुरुवातीला त्यांच्यातला एकही मतदार नोंदलेला नव्हता. 'स्निक'च्या कार्यकर्त्यांनी तेथे लोकांचा स्वतंत्र पक्ष उभा केला. तेथील डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह पांढरा कोंबडा होते. या नव्या पक्षाने काळा चित्ता घेतला. तोच चित्ता १९६६ साली ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने उचलला आणि १९७२ साली मुंबईत आमच्या तरुणांनी दलित पँथर म्हणून छातीवर लावला. नागपुरातून गांधींचे नाव घेऊन गेलेल्या माणसाच्या विद्यार्थ्यांकडून आपल्याकडे पँथर आला, ही इतिहासाची गंमतच म्हणायची.

जॉन लुईस २०२० साली गेले. ज्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने मार्च १९६० मध्ये लॉसन यांना काढून टाकले होते, त्यानेच २००६ साली त्यांना सन्मानाने शिकवायला बोलावले. २०२३ साली नॅशव्हिलमध्ये त्यांच्या नावाचे हायस्कूल सुरू झाले. जून २०२४ मध्ये वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.