काळीकाठची सुट्टी

सुट्टी लागली की आमच्याकडील मंडळी मोटारी भरून अनमोड घाट चढतात, गणेशगुडीला काळी नदीत तासभर राफ्टिंगचा गलका करतात आणि ‘जंगल पाहिले’ म्हणून परततात. पाहिले ते काय, हा आमचा प्रश्न आहे.

धरण बांधताना जेथे सुरुंगाची दारू ठेवीत, त्या जुन्या कोठाराजवळ पहाटे दोन घटका निमूट बसावे. धनेश, कर्णा आपण होऊन दर्शन देतात. मग चार दिवस हाती ठेवून नदीच्या कलाने सावकाश उतरावे, ते थेट सदाशिवगडाखालच्या खाडीतील तिवरांपर्यंत. या अरण्यातील व्याघ्र प्रकल्पाला २०१५ पासून काळीचेच नाव आहे. पण वाघ दिसला नाही म्हणून सहल वाया गेली असे मानू नये.

आणखी एक. ज्या पाण्यावर ही मौज चालते, त्याच्या तळाशी जुने सुपे गाव आहे. तेथील कित्येक कुटुंबे रामनगरला जाऊन वसली. त्यांच्या त्यागाची जाण ठेवून निदान मुक्काम जोयड्यातील एखाद्या घरी करावा, कुणब्यांच्या हातचे कंद चाखावेत. सुट्टी कशी घालवावी हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही; परंतु दुसऱ्याच्या बुडालेल्या अंगणावर आरडाओरडा करू नये, एवढे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.