अपंगांचें अनुदान व गांवकऱ्यांचा संशय

आमच्या एका सभासद बंधूंनीं गेल्या महिन्यांत आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या गांवांतील एका तरुणास अपंग म्हणून दरमहा सरकारी अनुदान मिळतें. परंतु तो तरुण बाजारास चालत जातो, चार दिवस भांगलणीसहि बसतो. तेव्हां ही उघड लबाडी नव्हे काय, व हिच्यापायीं खऱ्या गरजूच्या तोंडचा घांस जात नाहीं काय, असा त्यांचा सवाल आहे. प्रश्न प्रामाणिक आहे, आणि तो त्यांच्या एकट्याचाच नाहीं. चावडीवर, दूध संकलन केंद्रावर, एस. टी.च्या थांब्यावर तो नित्य निघतो. म्हणून त्याचें उत्तर येथें थोडें विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लबाडी होतच नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. २०२४ सालीं भारतीय प्रशासन सेवेंतील एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या दाखल्यावरून देशभर चर्चा झाली, आणि पुढें आपल्या राज्यांतहि अपंगांच्या सवलतीवर नोकरींत असलेल्यांच्या दाखल्यांची फेरतपासणी निघाली. खोट्या दाखल्यानें लाभ उपटणारास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आणि त्या योग्यच आहेत. परंतु चोर असतात म्हणून प्रत्येक वाटसरूची झडती रस्त्यांत कोणींहि घ्यावी, असें कोणी म्हणणार नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. अपंग कोण हें पाहणाऱ्याच्या नजरेनें ठरत नाहीं. तें ठरविण्याचें माप निराळें आहे. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सातच प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलांत आलेल्या नव्या कायद्यांत ते एकवीस झाले. त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे विकार आहेत, पार्किन्सनसारखा मज्जासंस्थेचा विकार आहे, आणि मानसिक आजारहि आहे. विदर्भांतील व नंदुरबारकडील आमच्या वाचकांस सिकलसेल परिचित आहे. या रोगाचा मनुष्य बरा असतां चारचौघांसारखा हिंडतो-फिरतो. परंतु दुखणें उसळलें म्हणजे सांध्यासांध्यांतून अशा कळा निघतात कीं त्यास अंथरूण सोडवत नाहीं. तो बाजारांत दिसतो तेव्हां सर्व गांव त्यास पाहतें. तो घरांत विव्हळत असतो तेव्हां त्यास फक्त घरचीं माणसें पाहतात.

याच्या उलट दुसरें उदाहरण घ्या. एखाद्याचा एक डोळा सर्वस्वीं गेला, दुसरा उत्तम आहे. त्याचें व्यंग शेंबड्या पोरासहि कळतें. तथापि सरकारी मोजमापाच्या नियमांप्रमाणें त्याचें अपंगत्व ३० टक्के भरतें, आणि बहुतेक सवलतींस किमान ४० टक्के लागतात. म्हणजे ज्यास गांव निःशंक अपंग म्हणतें तो त्या सवलतींबाहेर राहतो, आणि ज्यास गांव धडधाकट समजतें तो कदाचित् त्यांस पात्र ठरतो. मात्र तोच डोळा शेतकऱ्याचा अपघातानें गेला असेल, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखालीं त्यास एक लाख रुपये मिळूं शकतात. कारण त्या योजनेचा हिशेब टक्क्यांचा नसून गेलेल्या अवयवाचा आहे. एकाच माणसास एक योजना लागू पडते व दुसरी पडत नाहीं, यांत लबाडी कोणाचीच नाहीं.

आतां काम करण्याविषयीं. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. तींत अपंग अर्जदाराची टक्केवारी, कुटुंबाचें उत्पन्न, वय व रहिवास हीं पाहिलीं जातात; त्यानें हातपाय हालवूं नयेत अशी अट नाहीं. अपंगांसाठीं ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २५०० रुपये झाली. म्हणजे दिवसास सुमारें ८३ रुपये. एवढ्यावर प्रपंच चालत नाहीं, हें मजुरीचे दर जाणणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. तेव्हां त्या तरुणानें चार दिवस भांगलण केली, तर त्यानें सरकारास फसविलें असें न म्हणतां घरास हातभार लावला असेंच म्हटलें पाहिजे.

संशयाचें खरें नुकसान कोठें होतें तें आम्हीं पाहिलें आहे. आमच्या माहितींतील एका शेतकऱ्याचा उजवा हात मळणीयंत्रांत सांपडून मनगटापासून गेला. इस्पितळांतून परतल्यावर पारावर कोणी सहज बोलून गेलें कीं, "हात गेला तरी शेत पिकतेंच आहे, मग सरकारचा पैसा कशाला?" तें वाक्य त्या मानी गृहस्थाच्या जिव्हारीं लागलें. अपघाताच्या अनुदानाचा प्रस्ताव तालुका कृषि अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांचे आंत द्यावयाचा असतो; ते दिवस त्यांनीं घरांत बसून घालविले. लबाडी उघडकीस येण्याचें दूरच राहिलें. एका हक्कदाराचें तोंड मात्र बंद झालें.

म्हणून आमचें सांगणें दोन प्रकारचें आहे. ज्यास खरोखर शंका असेल त्यानें अनुदानासंबंधीं तहसीलदाराकडे व दाखल्यासंबंधीं जिल्हा शल्यचिकित्सकाकडे आपल्या सहीनिशीं लेखी तक्रार करावी. दाखल्याची फेरतपासणी होऊं शकते. चारचौघांत मात्र बोलूं नये. अपंगास उघड्यावर मुद्दाम अपमानित करणारास त्याच कायद्यानें सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

आणि ज्यास हक्क असेल त्यानें संकोच न धरतां स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. मिळणारें ओळखपत्र ४० टक्क्यांखालीं पांढरें, ४० ते ८० च्या आंत पिवळें, व ८० आणि त्यावर निळें असतें. निर्णय चुकीचा वाटल्यास अपिलाची सोय आहे.

पत्रलेखक बंधूंच्या गांवच्या त्या तरुणाचें दुखणें काय आहे, हें आम्हांस ठाऊक नाहीं, व त्यांसहि नसावें. बांधावर उभें राहून नांगर धरणारास पाहिल्यानें सातबाऱ्यावर नांव कोणाचें तें कळत नाहीं. त्यासाठीं उतारा पाहावा लागतो, आणि तो पाहण्याचें ठिकाण तलाठ्याचें दप्तर आहे. अपंगत्वाचेंहि तसेंच आहे. मळणीयंत्राचा पट्टा, विहिरीची कड, सर्पाचा दंश यांपासून आपल्यापैकीं कोणीच दूर नाहीं. उद्यां आपल्यावर तो प्रसंग आला, तर गांवानें आपल्याशीं जसें बोलावें असें वाटेल, तसेंच त्या तरुणाशीं आज बोलावें, एवढीच आमची त्यांस विनंति आहे.