शेवटचं टीटी कधी घेतलंत?

मृगाच्या आधीचा रविवार. कळव्यातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बाग म्हणजे खिडकीच्या ग्रिलमधल्या अकरा कुंड्या. पावसाआधी त्यांची माती बदलायची म्हणून लाल माती आणि शेणखत आणलं होतं. गुलाब उपसताना काटा अंगठ्यात चांगला खोल घुसला. ओढून काढला, चिमूटभर हळद दाबली आणि पुन्हा खुरपं हातात घेतलं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत काम उरकायचं होतं ना!

तेवढ्यात शेजारच्या काकू डबा परत द्यायला आल्या. आयुष्यभर नर्स म्हणून काम केलेली बाई. अंगठा बघून म्हणाल्या, "अगं, आधी साबणाने धू ते. आणि शेवटचं टीटी कधी घेतलंस?"

मी आठवू लागले. मुलगा पोटात असताना! तो आता इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

धनुर्वात म्हटलं की आपल्याला गंजलेला खिळा आठवतो. पण दोष गंजाचा नसतो, मातीचा असतो. या रोगाचे जंतू माती, धूळ आणि शेणात बीजाणूंच्या रूपात वर्षानुवर्षं पडून राहतात. काही वेळ उकळलं तरी ते मरत नाहीत. १८८४ मध्ये निकोलायर या जर्मन डॉक्टरने बागेतली माती प्राण्यांना टोचून हा रोग होतो हे दाखवलं. पुढे १८८९ मध्ये जपानच्या कितासातोंनी तो जंतू वेगळा काढला.

या जंतूला हवा चालत नाही. म्हणून वरवरच्या खरचटण्यापेक्षा काट्याची, खिळ्याची खोल, अरुंद जखम त्याला सोयीची. तिथे तो जे विष तयार करतो ते मज्जातंतूंपर्यंत पोचतं. बहुधा ३ ते २१ दिवसांत आधी जबडा आवळतो, मग मान, पाठ. शरीर धनुष्यासारखं वाकतं, म्हणून धनुर्वात. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण एकदा होऊन गेला तरी पुन्हा होऊ शकतो. संरक्षण देते ती लसच.

आपल्या आज्यांच्या काळात बाळाची नाळ विळ्याने कापायची, वर राख नाही तर शेण लावायचं, अशी रीत खेडोपाडी होती. छान दूध ओढणारं बाळ पाचवी-सहावीच्या सुमारास अचानक ओढायचं थांबे. मग आकडी, आणि सगळं संपे. दोष सटवाईला नाही तर बाळंतिणीच्या नशिबाला. १९८८ मध्ये जगभरात जवळजवळ ७ लाख ८७ हजार नवजात बाळं या रोगाने गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गरोदरपणातली दोन इंजेक्शनं आणि स्वच्छ बाळंतपण यांनी चित्र पालटलं. आईच्या अंगात तयार झालेलं संरक्षण वारेतून बाळाला मिळतं. २०१५ मध्ये माता आणि नवजात बाळांमधल्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. पण हे उच्चाटन रोगाचं, मातीतल्या जंतूचं नव्हे. तो आहे तिथेच आहे.

आणि इथेच आपण बायका चुकतो. ते इंजेक्शन आपण 'बाळासाठी' घेतो आणि विसरतो. मुलगा क्रिकेट खेळताना पडला की त्याला दवाखान्यात पळवतो. आपल्याला विळी लागली, काटा रुतला, की हळद आणि पदराची चिंधी!

काकूंनी सांगितलेलं तुम्हालाही सांगते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. हळद, चुना, कॉफी भरून ती बुजवू नका. जखम खोल किंवा मातीने मळलेली असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जखम साधी असली, तर ही मुदत दहा वर्षांची. लहानपणी लस घेतल्याचं आठवतच नसेल, तर तेही सांगा, कारण मग उपचार वेगळे असतात. आता टीटीच्या जागी टीडी मिळते, तिच्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं.

संध्याकाळी इंजेक्शन घेऊन आले. घरात मुलाच्या लसीकरणाचं कार्ड अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलंय. त्याच पिशवीत एका कागदावर माझं नाव आणि तारीख लिहून ठेवली. खाली सासूबाईंचं नाव लिहिलंय. त्यांच्यापुढची जागा मात्र रिकामी आहे, कारण शेवटचं टीटी त्यांनाही आठवत नाही. उद्या त्यांना घेऊन जायचंय.