आधी नोकरी, मग कोर्स : सॅन अँटोनियोच्या कष्टकरी वस्तीचा धडा

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात आजवर किती प्रशिक्षण वर्ग झाले, याचा हिशेब आम्ही एकदा मांडला. शिवणकाम झाले, टायपिंग झाले, मोबाइल दुरुस्ती झाली, ब्युटी पार्लर झाले, संगणक तर तीन वेळा झाला. प्रत्येक वेळी उद्घाटन झाले, भाषणे झाली, फोटो निघाले आणि शेवटी सर्टिफिकेटे वाटली गेली. त्या सर्टिफिकेटांवर कोणाला काम मिळाले, हे विचारत आम्ही घरोघर फिरलो, तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच नावे निघाली. एका भगिनीने पत्र्याच्या पेटीतून आपली तीन सर्टिफिकेटे काढून आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, आता चौथ्या वर्गाला नाव देऊ का नको, तेवढं सांगा."

आम्ही दिवसभर कचेरीत फायली हलवणारी माणसे. आमच्याकडे उत्तर नव्हते. पण हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका कष्टकरी वस्तीने स्वतःला विचारला होता आणि त्याचे उत्तरही काढले होते, हे पुढे वाचनात आले. ती हकिकत आमच्या वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावी, म्हणून हा लेखप्रपंच.

कारखान्याला टाळे

टेक्सास राज्यात सॅन अँटोनियो नावाचे मोठे शहर आहे. तिथे मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती फार मोठी. शहराच्या पश्चिम आणि दक्षिण भागांत हे लोक राहतात. सफाई, स्वयंपाक, बांधकाम, शिलाई अशी अंगमेहनतीची कामे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच वाट्याला आली. १९९० साली तिथला लिव्हाय स्ट्रॉस कंपनीचा कपड्यांचा कारखाना बंद पडला. काम मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशात गेले, कारण तिथे मजुरी स्वस्त. हजारावर माणसे एका झटक्यात रस्त्यावर आली. त्यात बहुसंख्य बाया होत्या. कित्येकींची उमर मशीनवर वाकून गेलेली. यातल्या काही जणींनी 'फुएर्सा उनिदा', म्हणजे 'एकजुटीची ताकद', या नावाची संघटना काढून कंपनीविरुद्ध लढा दिला.

मुंबईत १९८२ चा गिरणी संप ज्यांनी घरात भोगला आहे, त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. कारखाना बंद झाला की पगार जातोच, पण त्याबरोबर हातातल्या कसबाची किंमतही जाते. शिलाईत पटाईत असलेल्या बाईला दुसऱ्या दाराशी 'तुला काय येते?' असे विचारले जाते आणि ती गप्प उभी राहते.

बँकेच्या काउंटरवरची लढाई

या वस्त्यांमध्ये एक संघटना आधीपासून उभी होती. तिचे लांबलचक इंग्रजी नाव आखडून लोक तिला 'कॉप्स' म्हणत. १९७४ साली त्याच शहरात वाढलेल्या एर्नेस्टो कोर्तेस यांनी चर्चच्या आधाराने ती बांधली. पहिले भांडण साधे होते. पाऊस पडला की गरिबांच्या भागात पाणी तुंबायचे, घरात शिरायचे, आणि नगरपालिका दुसऱ्या भागांतले रस्ते सजवायची.

१९७५ साली या लोकांनी एक गंमत केली. शेकडो माणसे शहरातल्या मोठ्या फ्रॉस्ट बँकेत गेली, रांगेत उभी राहिली आणि डॉलर देऊन सुटी नाणी मागू लागली. नाणी मिळाली की पुन्हा रांगेत येऊन ती नाणी देऊन डॉलर मागायचे. कायदा मोडला नाही, कोणाला शिवी दिली नाही, पण बँकेचे कामकाज ठप्प झाले. आम्ही काउंटरमागे बसणारी माणसे असल्यामुळे त्या दिवशी तिथल्या कारकुनांची काय अवस्था झाली असेल, याची आम्हाला चांगली कल्पना आहे. शहरातल्या बड्या लोकांनी या वस्तीची दखल घ्यावी, एवढाच हेतू होता आणि तो साधला.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. त्याच बँकेचे प्रमुख टॉम फ्रॉस्ट यांनी पुढे प्रशिक्षणाच्या कामात याच संघटनेला साथ दिली आणि उद्योजकांना एकत्र आणले. भांडण करता आले म्हणून पुढे बरोबरीने बोलता आले.

घराघरांतल्या बैठका

कारखाना बंद पडल्यावर 'कॉप्स' आणि तिची जोडीदार संघटना 'मेट्रो अलायन्स' यांनी घराघरांत बैठका घेतल्या. तिथे लोकांनी जे सांगितले, ते आमच्या वस्तीतल्या भगिनीसारखेच होते. सरकारी प्रशिक्षण झाले, कागद मिळाला, काम मिळाले नाही. मिळाले तर इतक्या कमी मजुरीचे की घर चालेना.

दुसरीकडे शहरात नोकऱ्या नव्हत्या असे नाही. इस्पितळांना परिचारिका हव्या होत्या, कार्यशाळांना कुशल कारागीर हवे होते. या जागांना बऱ्यापैकी पगार होता. पण त्यासाठी लागणारे शिक्षण वस्तीकडे नव्हते. शिक्षण देणारी कॉलेजेही शहरातच होती. म्हणजे नोकरी होती, कॉलेज होते, माणूसही होता, पण तिघांची भेट घालून देणारे कोणी नव्हते.

ही कॉलेजे कोणती, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेत 'कम्युनिटी कॉलेज' नावाची दोन वर्षांची सार्वजनिक कॉलेजे आहेत. १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट इथे अशा पहिल्या सार्वजनिक कॉलेजाची सुरुवात झाली. फी कमी, शाळा पुरी केलेल्या कोणालाही दार उघडे, वर्ग दिवसाही आणि संध्याकाळीही. पुढे विद्यापीठात जायचे असेल तर तसे शिक्षण, नाहीतर परिचारिका, वेल्डर, विमान दुरुस्ती असे कामाचे शिक्षण. सॅन अँटोनियोत आज अशी पाच कॉलेजे 'अलामो कॉलेजेस' या एका व्यवस्थेखाली आहेत आणि तिचे विश्वस्त लोक मतदानाने निवडतात.

त्यातल्या सेंट फिलिप्स कॉलेजची गोष्ट आमच्या भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. १८९८ साली काळ्या मुलींसाठी काढलेला तो एक शिवणवर्ग होता. १९०२ साली आर्टेमिशिया बाउडन नावाच्या तरुण शिक्षिकेने तो हाती घेतला. त्या गुलामगिरीतून सुटलेल्या घराण्यातल्या. पन्नासहून अधिक वर्षे त्यांनी ती संस्था सांभाळली, पैशाच्या अडचणीत दारोदार फिरून जगवली आणि शिवणवर्गाचे कॉलेज केले. आपल्या समाजमंदिरातल्या शिवणवर्गाकडे बघताना हे आठवावे.

क्रम उलटा केला

संघटनेने पहिली गोष्ट केली ती अशी : कोर्स काढण्याआधी नोकऱ्या मोजल्या. मालक मंडळींशी बैठका घेऊन, कोणत्या जागा रिकाम्या होणार, पगार किती, शिक्षण काय हवे, हे विचारून घेतले. सुमारे ६५० जागांची तोंडी हमी मिळवली. मगच राज्यपाल ॲन रिचर्ड्स आणि शहराचे नगरमंडळ यांच्याकडून पैसा मागितला आणि तो मिळवला. १९९२ साली 'प्रोजेक्ट क्वेस्ट' ही संस्था उभी राहिली. पुढच्या वर्षी विद्यार्थी दाखल होऊ लागले.

क्वेस्टने स्वतःचे कॉलेज काढले नाही. कॉलेजे होतीच. तिने मध्यस्थाचे काम घेतले. एका हाताने मालकाला धरायचे, दुसऱ्या हाताने कॉलेजला, आणि पाठ विद्यार्थ्याच्या घराला लावायची. या कामाला तिथे समन्वय म्हणतात. कागदावर हा शब्द फार कोरडा दिसतो, म्हणून त्यात काय काय येते ते सांगतो.

निवड वस्तीतूनच सुरू व्हायची. संघटनेचे कार्यकर्ते अर्जदाराशी बोलून त्याची जिद्द आणि घरची परिस्थिती समजून घ्यायचे. ज्यांचे गणित आणि इंग्रजी वाचन कच्चे, त्यांची आधी तयारी करून घ्यायची. नाहीतर अशी मुले कॉलेजच्या पायाभूत वर्गांतच अडकतात, पैसे संपतात आणि ती घरी बसतात. मग मागणी असलेल्या कामांतून एक निवडायचे आणि त्या कामाचा कोर्स ज्या कॉलेजात असेल तिथे पाठवायचे. एखाद्या क्षेत्रात जागा भरल्या की तिकडे माणसे पाठवणे थांबवायचे.

फी, पुस्तके, बसभाडे, मुलांना सांभाळायची सोय यांत मदत मिळायची. पोटापाण्यासाठी दरमहा पैसे मात्र मिळत नसत. ते घरालाच निभवावे लागे. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दर आठवड्याला सल्लागारासोबत गटाची बैठक. अभ्यास कसा करायचा, परीक्षेची भीती, नवऱ्याचा विरोध, मुलाचे आजारपण, बंद पडलेली गाडी, सगळे तिथे बोलले जायचे. एखादी दोन वेळा गैरहजर राहिली की चौकशी व्हायची.

हे वाचून आम्ही थांबलो. कारण आमच्या वर्गातून ज्या मुली गळाल्या, त्यांतली एकही अभ्यास जमला नाही म्हणून गळाली नव्हती. कोणाची सासू आजारी पडली, कोणाचे मूल सांभाळायला कोणी नव्हते, कोणाकडे रेल्वेच्या पासाचे पैसे नव्हते. आम्ही हजेरीपटावर लाल रेघ मारली. तिच्या घरी गेलो नाही.

वर्षांचा हिशेब

भाषणांवर विश्वास ठेवू नये, हिशेब मागावा, ही आम्हा कॉमर्सवाल्यांची सवय. क्वेस्टचा हिशेब झालेला आहे. २००६ ते २००८ या काळात आरोग्य क्षेत्रातल्या प्रशिक्षणासाठी अर्ज केलेल्या ४१० जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला क्वेस्टची मदत मिळाली. दुसऱ्या गटाने आपापल्या बळावर बघायचे. त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि अनेक जणी लेकुरवाळ्या. नंतर वर्षानुवर्षे दोन्ही गटांची कमाई तपासली.

सुरुवातीला क्वेस्टच्या गटाची कमाई कमी होती. साहजिकच आहे, त्या शिकत होत्या, पूर्ण वेळ काम करत नव्हत्या. त्या काळात कोणी हिशेब मांडला असता तर योजना फसली असेच म्हटले असते. पण पुढे चित्र पालटले. २०१९ मध्ये नऊ वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला, तेव्हा क्वेस्टच्या गटातली व्यक्ती वर्षाला सरासरी सुमारे ५ हजार डॉलर जास्त कमावत होती.

उणे बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांनी शाळाच पुरी केली नव्हती, त्यांना या दारातून आत जाता येत नव्हते. म्हणजे सर्वांत खालचा माणूस बाहेरच राहिला. एका माणसामागे खर्चही मोठा असल्याने संख्या फार वाढवता आली नाही. तरीही टेक्सासमधल्या ऑस्टिन, एल पासो अशा शहरांत याच धर्तीवर संस्था निघाल्या. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये, कोरोनाने हजारोंचे काम गेलेले असताना, सॅन अँटोनियोच्या मतदारांनी विक्रीकरातला एक अष्टमांश सेंट काही वर्षे कामगारांच्या प्रशिक्षणासाठी वापरायला मोठ्या बहुमताने मान्यता दिली. ज्या मागणीची सुरुवात स्वयंपाकघरातल्या बैठकीत झाली, तिच्यासाठी सगळ्या शहराने खिशात हात घातला.

आपण काय घ्यावे?

तिथले कायदे वेगळे, पैसा वेगळा. त्याची नक्कल करता येणार नाही. पण काही प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. वस्तीत कोणताही प्रशिक्षण वर्ग येईल तेव्हा माता-पित्यांनी आणि कार्यकर्त्यांनी आयोजकांना चार प्रश्न जरूर विचारावेत :

१. हा कोर्स केलेल्यांना कामावर घेणारे मालक कोण? त्यांच्याशी बोलणे झाले आहे का?

२. मागच्या तुकडीतल्या किती जणांना काम लागले आणि पगार किती?

३. गणित-इंग्रजी कच्चे असेल तर आधी तयारी करून घेणार का?

४. मूल सांभाळणे, प्रवासखर्च, घरची अडचण आली तर कोणाकडे जायचे?

उत्तरे मिळाली नाहीत तर वर्ग बंद पाडू नये. उत्तरे मिळेपर्यंत पाठपुरावा करावा.

आणि एक प्रश्न आपण आपल्यालाच विचारायचा आहे. घरातली सून किंवा लेक दोन वर्षे शिकायला निघाली, तर त्या काळात तिची चूल कोण सांभाळणार? ज्या घरात या प्रश्नाचे उत्तर जेवायला बसल्यावर सगळ्यांनी मिळून दिले, त्या घरातले सर्टिफिकेट पत्र्याच्या पेटीत पडून राहणार नाही.

त्या भगिनीकडे आम्ही परत गेलो. म्हटले, "ताई, चौथ्या वर्गाला नाव द्या, पण आधी आमच्याबरोबर त्या मालकाकडे चला. नोकरी आहे का, ते तुम्हीच विचारा." ती क्षणभर बघत राहिली. मग पदर खोचून म्हणाली, "कधी निघायचं?" येत्या रविवारी आम्ही निघतो आहोत. सोबत आणखी सात जणी आहेत.